बाईंना ‘पुन्हा एकदा’ म्हणताना

श्रीमती सुलभा रिसबूड यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि रडत होते. वडिलांच्या बदलीमुळे नाशिकहून भोपाळला येऊन आम्हाला तीन वर्षे झाली होती. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मुलांचे नाटक बसत होते आणि त्यात मला चार वाक्यांचे काम मिळाले होते. तालमीत मी ठसक्यात म्हणाले, “आई, मी छत्री आणायला भूलून गेले!” सगळी मुले हसली. त्यांतली निम्मी घरी असेच बोलत असणार, पण हसायला कोणी मागे राहिले नाही. माझी आई समोर खुर्चीत बसली होती. घरात हिंदी शिरू नये म्हणून ती फार जपत असे. तिने कपाळाला हात लावला, आणि ते पाहून मला रडू फुटले.

नाटक बसवणाऱ्या बाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला उगी केले नाही. “या नाटकातली मुलगी कुठल्या गावात राहते?” एवढेच त्यांनी विचारले. मी मुसमुसत म्हणाले, “माहीत नाही.”

“मी सांगते. ती भोपाळला राहते. मग ती ‘भूलून गेले’ असंच म्हणणार. फक्त जरा मोठ्यानं म्हण. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

त्या रिसबूड बाई या वर्षी पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या विद्यार्थिनींनी आणि मंडळाने मिळून हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा संपादकांनी मला स्पष्ट कळवले की बाईंची शाळा, बाईंची नाटके आणि बाईंचा रागीट स्वभाव हे विषय इतरांना वाटून झाले आहेत. तुम्ही तुमच्या चित्रपटाविषयी लिहावे. ते मी लिहिणारच आहे. पण बाईंची ओळख नसलेल्या एखाद्या वाचकाच्या हाती हे पुस्तक पडले तर त्याची पंचाईत होऊ नये, म्हणून इतरांच्या विषयांत थोडी घुसखोरी करते.

बाई मूळच्या ग्वाल्हेरच्या. लग्नानंतर भोपाळला आल्या आणि मुलींच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्र शिकवले. नाटकाचे शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेले नाही. मंडळाची नाटके बसवणारे गृहस्थ एका वर्षी ऐन तालमींच्या वेळी बदली होऊन गेले आणि ते काम बाईंच्या गळ्यात पडले. ते अजूनही तिथेच आहे. त्यांचे यजमान मनोहरराव कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि नाटकांची प्रकाशयोजना त्यांच्याकडे असे. कोणता दिवा कुठे लावायचा याचा आराखडा ते इतका सुबक काढत की एका वर्षीचा आराखडा मंडळाने चौकट करून भिंतीवर लावला, आणि प्रयोगाच्या दिवशी तो काढता येईना म्हणून दिवे अंदाजाने लावावे लागले.

बाईंनी नाटकातून कोणालाही घरी पाठवले नाही. एका वर्षी नऊ पात्रांच्या नाटकासाठी सव्वीस मुले आली. मंडळाचे कार्यवाह म्हणाले, “बाई, निवड करा आता.” बाईंनी त्या रात्रीच्या आत नाटकात एक वरात घातली. वरातीत वाजंत्री आले, घोडा आला, घोड्याचे चार पाय आले, रुसलेली मावशी आली. सव्वीस मुले मंचावर गेली. त्या घोड्याचा मागचा उजवा पाय आज भोपाळमध्ये नावाजलेला हाडांचा डॉक्टर आहे आणि बाईंच्या गुडघ्यांवर त्यानेच उपचार केले.

आम्हा मुलांना बाई आडनावाने हाक मारत. अजूनही मारतात. मी सोमण.

शिक्षण संपवून मी पुण्याला गेले, मग मुंबईला. आठ वर्षे निरनिराळ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केले आणि शेवटी स्वतःचा चित्रपट लिहिला. त्याचे नाव ‘आवराआवर’. गोष्ट साधी होती. भोपाळमध्ये एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला तिचा मुलगा कायमचे आपल्या गावी न्यायला येतो आणि चाळीस वर्षांचे घर आवरायला त्यांच्या हाती फक्त चार दिवस असतात. माणसे घरात मराठी बोलतात, दारात हिंदी आणि भांडताना दोन्ही. निर्मात्यांना गोष्ट आवडली होती, पण मुख्य भूमिकेत लोकांच्या ओळखीचा चेहरा हवा होता. मुंबईतल्या दोन ज्येष्ठ अभिनेत्री मी भेटून आले. दोघीही उत्तम नट्या होत्या, पण दोघींनाही ते दारातले हिंदी बोलता येत नव्हते. तोंडपाठ केल्यासारखे यायचे.

चित्रीकरणाच्या जागा पाहायला मी भोपाळला आले होते, तेव्हा अशोका गार्डन या वस्तीत बाईंच्या घरी गेले. मनोहरराव जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. बाई दारातच गॅसच्या सिलिंडरवाल्याशी हुज्जत घालत होत्या. “भैया, पहले सील दिखाओ,” असे त्याला आणि त्याच श्वासात, “सोमण, चपला बाहेर,” असे मला. मी चपला काढायच्या विसरून त्यांच्याकडे बघत उभी राहिले. माझ्या चित्रपटातली बाई माझ्यासमोर उभी होती.

चहा झाल्यावर मी विचारले, “बाई, माझ्या चित्रपटात काम कराल?”

“कशाचं?”

“मुख्य.”

“सोमण, मी नाटकं बसवते. करत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.” पण संहिता त्यांनी ठेवून घेतली. आठ दिवसांनी ती मला परत मिळाली. लाल पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घाच्या चाळीसेक चुका दुरुस्त केल्या होत्या आणि शेवटच्या पानावर लिहिले होते, ‘करीन. पाठांतर पूर्ण होईपर्यंत चित्रीकरण सुरू करू नये.’

बाईंच्या वाचनाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मी निर्मात्यांना पाठवले. ते ऐकून त्यांनी होकार दिला, आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

बाईंच्याच इमारतीत, त्यांच्या वरच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट आम्ही चित्रीकरणासाठी घेतला होता. मागून रेल्वेची लाइन जाते. आमचा ध्वनिमुद्रक पहिल्या दिवशी डोक्याला हात लावून बसला, कारण दर थोड्या वेळाने गाडी यायची आणि टेक वाया जायचा. बाई म्हणाल्या, “आता वीस मिनिटं काही नाही. मग एक मालगाडी, ती फार वेळ घेते. तेव्हा सगळ्यांनी चहा घ्या.” अगदी तसेच झाले. दुसऱ्या दिवसापासून आमचे वेळापत्रक बाईंच्या सांगण्यावरून ठरू लागले.

अडचण गाड्यांची नव्हतीच. अडचण अशी होती की बाई अभिनय करत होत्या, आणि तो मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. त्यांनी आयुष्यभर मुलांना तेच शिकवले होते. आवाज मोकळा, शब्द ठाशीव, हात खांद्यापासून. चित्रपटात कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यापासून चार हातांवर होता. मॉनिटरवर ते सगळे इतके मोठे दिसायचे की बघवत नसे. दारातल्या त्या बाई, सिलिंडरचे सील तपासणाऱ्या, कुठे गेल्या ते मला कळेना.

आमचे छायालेखक तिवारीजी मुंबईहून आलेले, मुरलेले गृहस्थ. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मैडम, माताजी थिएटर कर रही हैं. आप बोलेंगी या मैं बोलूँ?”

“मैं बोलूँगी,” मी म्हणाले. आणि बोलले नाही. ज्यांनी मला उभे कसे राहायचे ते शिकवले, त्यांना मी काय सांगणार होते? बाईंचा प्रत्येक टेक झाला की मी “छान, बाई!” म्हणायचे आणि पुढच्या दृश्याकडे वळायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन दिवसांचे काम सलग पाहिले. चित्रपट बुडत होता. तो मीच बुडवत होते, आणि तेही आदरापोटी.

चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी बाई वर आल्या. मी खिडकीशी बसले होते. त्या समोर बसल्या आणि वर्गात बोलावे तसे बोलू लागल्या.

“परवा पोस्टमनचं काम करणाऱ्या त्या गृहस्थांचे तू सात टेक घेतलेस. काल तुझ्या हीरोचे, म्हणजे माझ्या मुलाचे, पाच घेतलेस. माझे सगळे एकाच टेकमध्ये ओके. तीन दिवस मी मोजून राहिले आहे. मी इतकी चांगली आहे का?”

मी हातातले वेळापत्रक चाळू लागले.

“सोमण, मी विचारलं काहीतरी.”

“बाई, आवाज मोठा होतोय,” मी म्हणाले. मग एकदम सगळेच बाहेर आले. “आणि हात. हात फार हलतात. आणि वाक्य बोलायच्या आधी तुम्ही श्वास घेता, तो दिसतो.”

बाईंनी मांडीवरचे हात पदराखाली घेतले. त्यांना लागले होते. ते मला दिसत होते आणि तोंडातून गेलेले शब्द परत घेता येत नव्हते.

“मग तीन दिवस गप्प का बसलीस?”

“तुम्हाला कसं सांगू, बाई?”

“मला नकोच सांगूस,” त्या म्हणाल्या. “सुलभा रिसबूड नावाची एक नवी नटी तू घेतली आहेस. तिनं जन्मात कॅमेरा पाहिलेला नाही. तिला सांग. नाही सांगितलंस तर ती बिचारी चुकतच राहील, आणि लोक हसतील तिला.”

नऊ वाजता सगळे जमले. पहिलेच दृश्य असे होते की मुलगा सांगतो, “शुक्रवारी सामान न्यायला येतील,” आणि आई म्हणते, “बरं.” बाईंचे काम त्या एका शब्दाचे. त्या सेटवर आल्या, जागेवर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, “तुम्ही सांगाल तशी सुरुवात करू.”

तुम्ही! वीस-बावीस वर्षे मी त्यांच्या तोंडून ‘तू’ ऐकत आले होते. मला वाटले, रागावल्या. तसे नव्हते. त्या दिवसापासून चित्रीकरण संपेपर्यंत सकाळी नऊ ते पॅकअप बाईंनी मला ‘तुम्ही’ म्हटले. पॅकअप झाल्यावर जिन्यातच “सोमण, जेवलीस का नीट?” सुरू होई. दोन्हींत कधी गल्लत झाली नाही.

त्या दिवशीचे पहिले ‘बरं’ हबीबगंज स्टेशनपर्यंत ऐकू गेले असावे. मी म्हणाले, “कट. बाई, पुन्हा एकदा.”

“हो,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा आवाज खाली आला, पण हात छातीकडे गेला. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा हात थांबला, पण भुवया वर गेल्या. पुन्हा एकदा. सहाव्या टेकनंतर बाई स्वतः म्हणाल्या, “हाताला काम द्या. वर्गात हात स्वस्थ न बसणाऱ्या मुलींना मी फडकं देऊन फळा पुसायला लावायचे.” आम्ही त्यांच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग ठेवला आणि घड्या करायला सांगितले. अकराव्या टेकला मुलगा म्हणाला, “शुक्रवारी सामान न्यायला येतील.” बाईंनी हातातली घडी पूर्ण केली, तिच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “बरं.” इतक्या हलके, की ध्वनिमुद्रकाने हेडफोन कानावर दाबून धरला. तिवारीजी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता पुटपुटले, “ये वाला.”

मी मग सांगितले की आधीच्या तीन दिवसांतली बाईंची सगळी दृश्ये पुन्हा घ्यायची. तिवारीजी दचकले. दिवस मोजके होते. ते माझ्याशी न बोलता थेट बाईंकडे वळले. “माताजी, आप ही समझाइए इन्हें. इतने दिन कहाँ से आएँगे?”

“भाईसाहब, मैं तो यहाँ नई हूँ,” बाई म्हणाल्या. “आप डायरेक्टर से पूछिए.”

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत मी वयाने जवळजवळ सगळ्यांत लहान होते आणि तोवर प्रत्येक जण मला काही विचारण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी विचारत असे. बाईंच्या त्या एका वाक्यानंतर ते थांबले. बाजारातली दोन दृश्ये मी गाळली आणि दिवस जमवले. तिवारीजींनी पुढे एकदाही तक्रार केली नाही.

बाईंच्या चांगुलपणाच्या आठवणी या ग्रंथात अनेक येतील, त्यांत माझी एक. वेशभूषेला मदत करणारी पूनम नावाची मुलगी होती. बारावीला रसायनशास्त्रात नापास झाली होती आणि पुन्हा परीक्षेला बसायची तिची हिंमत नव्हती. साडीच्या निऱ्या नीट करता करता तिने हे बाईंना सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मालगाडी आली की बाकी सगळे चहा घेत आणि बाई पूनमला शिकवत. दिवसभराच्या कामाचा जो कागद आम्ही सगळ्यांना वाटायचो, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर समीकरणे मांडली जात. एकदा कॅमेरा तयार असूनही बाई येईनात, म्हणून मी बोलवायला गेले. “दोन मिनिटं थांबा,” त्या म्हणाल्या, “हिचं आम्ल आणि अल्कली चाललं आहे.” दिग्दर्शक या नात्याने मी दारात उभी राहिले. पूनम पुढच्या परीक्षेत पास झाली.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. बाईंची परवानगी घेतली आहे. “खरं असेल तसं लिही,” असे त्या म्हणाल्या.

संहितेत एक लहान दृश्य होते. घर आवरता आवरता म्हातारी स्वयंपाकघरातले जुने कॅलेंडर भिंतीवरून काढते आणि गुंडाळून ठेवते. एवढेच. एक शब्दही नव्हता. चित्रीकरणाच्या मध्यावर बाईंनी पॅकअपनंतर जिन्यात मला थांबवले. म्हणाल्या, “सोमण, तिथे मला थोडं बोलायचं आहे. लिहिलंय मी.” त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

ते दृश्य आम्ही त्यांनी लिहिल्याप्रमाणे घेतले. कॅलेंडरवर नवऱ्याच्या हातचे आकडे आहेत. नवा सिलिंडर लावला की तो त्या दिवसाभोवती वर्तुळ काढायचा आणि मागचा किती दिवस पुरला ते बारीक अक्षरात लिहायचा. म्हातारी कॅलेंडरशी बोलते. “तुम्ही गेल्यावर मी एकदाही लिहिलं नाही. आता सिलिंडर संपतो तेव्हाच कळतं की संपला. एका माणसाला किती दिवस पुरतो, ते मला बघायचंच नाही.” असे बरेच होते, तीन पाने. एकाच टेकमध्ये झाले. बाईंचा आवाज कुठेही चढला नाही. मनोहररावांना ओळखणाऱ्या त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी सगळे युनिट डोळे पुसत होते. तिवारीजी गॅलरीत जाऊन उभे राहिले.

संकलन आम्ही महाराणा प्रताप नगरमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत करत होतो. संकलक सोनल माझी मुंबईची मैत्रीण. पहिल्यांदा सगळा चित्रपट जोडून पाहिला तेव्हा ती म्हणाली, “अनुजा, कॅलेंडरचा सीन सगळ्यांत सुंदर आहे, आणि तिथे चित्रपट थांबतो. त्याच्या पुढे मुलगा आणि आई भांडतात, त्याचं काहीच वाटत नाही. आपण सगळं आधीच रडून मोकळे झालेलो असतो.”

मला ते पटत होते आणि पटवून घ्यायचे नव्हते. आम्ही ते दृश्य पुढे नेले, मागे आणले, निम्मे केले. निम्मे केल्यावर तर ते वाईट दिसू लागले. बाईंचा दर दोन दिवसांनी फोन येई, “कुठवर आलं?” आणि मी “चाललंय, बाई,” म्हणून ठेवून देई. मग मी फोन उचलायचेच बंद केले. चित्रीकरणाच्या पहिल्या तीन दिवसांत केले, तेच पुन्हा करत होते.

एका दुपारी बाई आपण होऊन आल्या. लिफ्ट नव्हती. क्लासमधून सुटलेल्या पोरांच्या लोंढ्यातून, कठड्याला धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “दाखव.”

आम्ही त्यांना चित्रपट दोनदा दाखवला. एकदा त्या दृश्यासकट, आणि एकदा ते वगळून. दुसऱ्या वेळी म्हातारी फक्त कॅलेंडर काढते, क्षणभर एका वर्तुळावर बोट ठेवते आणि गुंडाळते. पुढे भांडण येते. ते भांडण दुसऱ्या वेळी अंगावर आले.

दिवे लावले. सोनल काहीतरी निमित्त करून बाहेर गेली. बाई पडद्याकडेच बघत होत्या.

“बाई, काय करू?” मी विचारले.

“मला वाईट वाटलं,” बाई म्हणाल्या. “ते वाटणारच. ते मी तुझ्या चित्रपटासाठी लिहिलं नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. पण मला विचारू नकोस. मी ‘काढ’ म्हटलं म्हणून काढलंस, तर उद्या म्हणशील बाई म्हणाल्या. मी ‘ठेव’ म्हटलं तर तू ठेवशील, आणि तेही चूक.” त्या उठल्या. “तुझं काम आहे. तू ठरव आणि मला कळव.”

मी त्यांना रिक्षात बसवून दिले. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की दृश्य काढते आहे. “बरं,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचे पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हा गौरवलेख आहे म्हणून मी हे झाकून ठेवणार नाही. बाईंचे मन मोठे आहे, पण ते दगडाचे नाही. मी दोनदा घरी गेले. दार उघडले, चहा मिळाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि एकदाही “सोमण” अशी हाक आली नाही. मला वाटले, चित्रपट मिळाला आणि बाई गेल्या. त्या दिवसांत मी अनेकदा ते दृश्य परत घालायला बसले आणि दर वेळी ते भांडण पाहून हात मागे घेतला.

सोळाव्या दिवशी सकाळी फोन आला.

“सोमण, ती पडद्यावरच्या नावांची यादी काल सोनलनं तपासायला पाठवली होती. माझं नाव चुकलं आहे.”

“काय चुकलंय, बाई?”

“‘सुलभा रिसबूड’ लिहिलंय. ‘सुलभा मनोहर रिसबूड’ हवं.” मग त्या म्हणाल्या, “तेवढं राहू दे त्यांचं.”

मी यादी काढून ‘मनोहर’ लिहून घेतले. बाई लगेच म्हणाल्या, “आणि ‘ध्वनिमुद्रण’मध्ये तुमच्या यादीत ‘मु’चा उकार दीर्घ पडलाय. तोही बघ.”

भोपाळमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा बाईंच्या शाळेच्या तीन पिढ्या आल्या होत्या. पूनम आली होती, मंडळाचे सगळे होते, माझी आई होती. बाई मधल्या रांगेत कडेला बसल्या होत्या आणि आपण पडद्यावर आलो की मान खाली घालत होत्या. खेळ संपल्यावर ग्वाल्हेरहून आलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीने सगळ्यांदेखत विचारले, “सुलभाताई, ते कॅलेंडरचं मोठं भाषण होतं ना? तू फोनवर वाचून दाखवलं होतंस. ते कुठे आहे?”

मी तिथेच उभी होते. बाई पर्स सावरत म्हणाल्या, “ते काढलं. त्यानं पुढचं भांडण पडत होतं.” आणि जिन्याकडे वळल्या.

त्या जिन्यावर मुली त्यांच्या पाया पडायला रांग लावून उभ्या होत्या. ‘आवराआवर’ पुढे काही महोत्सवांत गेला, काही गावांत दाखवला गेला, अनेकांना आवडला, काहींना संथ वाटला. त्याबद्दल मला बरेच काही विचारले जाते. दिग्दर्शन कुठे शिकलात, असे कोणी विचारले की मी पुण्याचे आणि मुंबईचे सांगते, कारण लोकांना ते ऐकायचे असते. खरे उत्तर लांबलचक आहे. ते मी इथे लिहिले.

गेल्या वर्षी बाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. आता त्या काठीशिवाय चालतात आणि या वर्षीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आहेत, असे कळते. मुले अठरा आहेत आणि पात्रे सात, असेही कळते.

बाई, हा लेख संपवण्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. मी दुसरा चित्रपट लिहिला आहे आणि त्यात तुमच्यासाठी भूमिका नाही. गेले दोन महिने मी हे सांगायला तुमच्या घरी येते आणि चहा पिऊन परत जाते, म्हणून शेवटी छापून सांगते आहे. गौरवग्रंथात हे शोभत नाही, असे संपादकांचे मत पडले. मी त्यांना म्हटले, बाईंना शोभेल.

भूमिका नाही, पण काम आहे. चित्रपटात लहान मुले आहेत. त्यांतल्या एकानेही आजवर कॅमेरा पाहिलेला नाही, आणि त्यांच्यासमोर बसून ‘पुन्हा एकदा’ म्हणायला मला तुमच्यासारखे दुसरे कोणी माहीत नाही. तेव्हा तुमची प्रकृती ठणठणीत राहावी यात माझा उघड स्वार्थ आहे. तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, नवे गुडघे जुन्यांपेक्षा जास्त टिकोत, शंभरी तुम्ही सहज ओलांडा आणि तोवर आमच्यापैकी कोणाच्याही चुका तुमच्या नजरेतून न सुटोत.

तालमी पुढच्या महिन्यात सुरू करते आहे. मुले नवी आहेत, बाई. पहिल्या दिवशी थोडे हसून या.